आत्याचा बंद फोन, एसटीतलं यूएसबी पोर्ट आणि ज्यूस जॅकिंगचा बागुलबुवा

२०२५ च्या दिवाळीआधी माझी आत्या लातूरहून पुण्याला आली. रात्रीची एसटी होती आणि सीटच्या शेजारी यूएसबी पोर्टही होतं. गाडीत बसताना तिच्या फोनची बॅटरी १४ टक्के होती. ठरल्याप्रमाणे मी पहाटे साडेपाचला हडपसरच्या गाडीतळावर जाऊन उभा राहिलो. आत्याचा फोन बंद. तिला अंधारात हडपसर कळलं नाही आणि ती थेट स्वारगेटला उतरली. तिथल्या चहावाल्याने बिचाऱ्याने स्वतःचा फोन दिला, पण तिला माझा नंबर पाठ नाही. पाठ होता तो फक्त माझ्या बाबांचा, म्हणजे तिच्या भावाचा, आणि तो वीस वर्षांपूर्वीचा लँडलाइनचा. शेवटी कसाबसा लातूरला फोन लागला, तिथून बाबांना, बाबांकडून मला. यात दीड तास गेला.

"अगं, पोर्ट होतं ना शेजारी?" मी विचारलं.

"होतं की. पण तिथे लावला असता तर खातं रिकामं झालं असतं. आपल्या ग्रुपवर आलं होतं. रिझर्व्ह बँकेने सांगितलंय म्हणे."

आता इथे माझी गोची झाली. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर, त्यामुळे घरातल्या प्रत्येक फॉरवर्डची शहानिशा करण्याची जबाबदारी माझ्याकडे असते आणि दहापैकी नऊ वेळा मी "खोटं आहे, डिलीट कर" एवढंच म्हणतो. पण हे खोटं नव्हतं. रिझर्व्ह बँकेने मार्च २०२२ मध्ये आर्थिक फसवणुकीच्या प्रकारांवर एक पुस्तिका काढली आहे आणि तिच्यात 'ज्यूस जॅकिंग' खरोखरच आहे. मग आत्या चुकली कुठे? मला हा प्रश्न वाटला त्यापेक्षा जास्त गुंतागुंतीचा निघाला.

आधी ही भीती आली कुठून ते बघू

चार्जिंगची आणि डेटाची वाट एकच, हे यूएसबीचं मूळ दुखणं. साध्या यूएसबी केबलमध्ये चार तारा असतात. दोन विजेच्या, दोन डेटाच्या. आपण फोन लावतो तो विजेसाठी, पण डेटाच्या दोन ताराही बरोबर जोडल्या जातात. भिंतीतल्या पोर्टच्या मागे नुसता पॉवर सप्लाय आहे की एखादा छोटा कॉम्प्युटर, हे बाहेरून कळायला मार्ग नाही.

ऑगस्ट २०११ मध्ये लास वेगासच्या डेफकॉन या हॅकर संमेलनात काही मंडळींनी नेमकं हेच दाखवण्यासाठी एक फुकट चार्जिंगचा खोका ठेवला. फोन लावला की स्क्रीनवर इशारा यायचा, की बाबा रे, असा कुठेही फोन लावू नकोस. साडेतीनशेहून जास्त लोकांनी फोन लावले. हे सगळे सुरक्षेच्या क्षेत्रातले लोक होते, हे विशेष. पत्रकार ब्रायन क्रेब्ज यांनी त्यावर लिहिलं आणि 'ज्यूस जॅकिंग' हा शब्द रूढ झाला.

त्या काळात ही भीती रास्त होती. तेव्हाचा अँड्रॉइड फोन कॉम्प्युटरला जोडला की बहुतेक वेळा काही न विचारता फाइली उघड्या करायचा. आयफोनही समोरच्या कॉम्प्युटरवर डोळे मिटून विश्वास ठेवायचा. २०१३ मध्ये जॉर्जिया टेकच्या संशोधकांनी चार्जरसारखा दिसणारा छोटा कॉम्प्युटर लावून आयफोनमध्ये बाहेरचं अॅप घुसवून दाखवलं. त्याच वर्षी आयओएस ७ मध्ये अॅपलने 'या कॉम्प्युटरवर विश्वास ठेवायचा का?' हा प्रश्न आणला. २०१५ च्या अँड्रॉइड ६ पासून फोन जोडला की तो आधी फक्त चार्ज होतो, फाइली द्यायच्या असतील तर तुम्हाला तसं निवडावं लागतं. २०१८ मध्ये आयओएस ११.४.१ आलं, त्यात फोन लॉक होऊन तासभर झाला की पोर्टमधून डेटाच बंद.

म्हणजे फोन बदलले, इशारे मात्र तेच राहिले. आणि गंमत म्हणजे ते दर दोन वर्षांनी नव्याने येतात. नोव्हेंबर २०१९ मध्ये लॉस एंजेलिस काउंटीच्या सरकारी वकील कार्यालयाने इशारा दिला. पत्रकारांनी विचारलं, तर त्यांच्याकडे अशा एकाही गुन्ह्याची नोंद नव्हती. एप्रिल २०२३ मध्ये एफबीआयच्या डेन्व्हर कार्यालयाने ट्वीट केलं, ते जगभर फिरलं, मराठी चॅनेलांवरही आलं. नंतर समजलं की त्यामागे नवं प्रकरण वगैरे काही नव्हतं, तो नेहमीचा सल्ला होता. अमेरिकेच्या दूरसंचार नियामकाने, एफसीसीने, तर आपल्या पानावर सरळ लिहिलं की हे तांत्रिकदृष्ट्या शक्य आहे, पण प्रत्यक्षात घडल्याचं एकही खात्रीशीर प्रकरण आम्हाला माहीत नाही. तरीही २०२५ मध्ये अमेरिकी विमानतळांची सुरक्षा बघणाऱ्या टीएसएने पुन्हा तीच पोस्ट टाकली.

मग हा नुसताच बागुलबुवा का? एप्रिल २०२५ पर्यंत मी बिनधास्त 'हो' म्हणालो असतो.

ग्राझवाल्यांनी काय करून दाखवलं

ऑस्ट्रियातल्या ग्राझ तंत्रज्ञान विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२५ मध्ये 'चॉइसजॅकिंग' नावाचा हल्ला जाहीर केला. फोन परवानगी विचारतो ना, मग ती परवानगी हल्लेखोरानेच देऊन टाकायची, अशी ही युक्ती आहे. मला ती वाचताना खरंच दाद द्यावीशी वाटली.

यूएसबीमध्ये दोन भूमिका असतात. एक मालक, एक सेवक. फोन कॉम्प्युटरला जोडला तर कॉम्प्युटर मालक. फोनला ओटीजीने कीबोर्ड जोडला तर फोन मालक. गूगल आणि अॅपलने धरून चाललं होतं की समोरचं यंत्र एका वेळी एकच काहीतरी असेल. फायली मागणारा कॉम्प्युटर असेल तर तो 'हो' हे बटण दाबू शकणार नाही, आणि बटण दाबणारा कीबोर्ड असेल तर तो फायली मागू शकणार नाही.

ग्राझच्या चार्जरने ही समजूतच मोडली. तो आधी कीबोर्ड बनून येतो. फोनला वाटतं, कीबोर्ड जोडलाय. हा 'कीबोर्ड' भराभर कळा दाबून ब्लूटूथ चालू करतो आणि चार्जरच्याच पोटात लपवलेला दुसरा ब्लूटूथ कीबोर्ड फोनशी जोडून घेतो. मग यूएसबी पॉवर डिलिव्हरीतली भूमिका बदलण्याची सोय वापरून चार्जर कॉम्प्युटर होतो आणि फायली मागतो. फोन इमानदारीत स्क्रीनवर विचारतो, 'देऊ का?' ब्लूटूथ कीबोर्ड उत्तर देतो, 'दे.' काम फत्ते.

आठ कंपन्यांच्या फोनवर त्यांनी हे तपासलं, त्यात बाजारातल्या पहिल्या सहा कंपन्या होत्या, आणि तपासलेल्या प्रत्येक फोनमधून काही ना काही फायली मिळाल्या. दोन कंपन्यांचे फोन तर लॉक असतानाही फुटले. बाकीच्यांवर फोन अनलॉक असावा लागतो. मग मालकाच्या लक्षात येणार नाही का? त्यावरही उपाय: फोन किती वीज ओढतोय यावरून चार्जर अंदाज बांधतो, की आता मालक फोनवर बोलत असावा, स्क्रीनकडे त्याचं लक्ष नसेल.

संशोधकांनी हे आधी कंपन्यांना कळवलं होतं. अॅपलने आयओएस १८.४ मध्ये आणि गूगलने अँड्रॉइड १५ मध्ये दुरुस्ती केली, आता डेटासाठी नुसतं 'हो' चालत नाही, पिन किंवा बोट लागतं. पण अँड्रॉइडच्या दुनियेत गूगलने दुरुस्ती केली म्हणजे तुमच्या फोनपर्यंत पोचली असं नसतं. आत्याचा फोन चार वर्षांचा आहे. त्याला अँड्रॉइड १५ कधीच येणार नाही.

तेव्हा तांत्रिक उत्तर असं: धोका खरा आहे, जुन्या फोनवर जास्त आहे. पण हे उत्तर इथेच सोडलं तर आत्या पुन्हा स्वारगेटला अंधारात उभी राहील. म्हणून पुढचा प्रश्न विचारायला हवा. हा उद्योग करेल कोण आणि त्याला मिळेल काय?

चोराच्या बाजूने विचार करा. एसटीच्या एका पोर्टच्या मागे असलं यंत्र बसवायचं तर गाडीचं पॅनेल उघडायला हवं. खर्च आला, पकडलं जाण्याची भीती आली. त्या सीटवर दिवसाला मोजके प्रवासी बसणार, त्यातले काहीच फोन लावणार, त्यातल्या काहींचेच फोन फुटणार. आणि मिळणार काय? फोटो आणि कागदपत्रं. बँकेच्या अॅपचा डेटा असा फाइल ट्रान्सफरने निघत नाही, तो त्या अॅपच्या वेगळ्या कप्प्यात असतो. यूपीआय पिन फोनमध्ये साठवलेला नसतोच. 'खातं रिकामं झालं' ही पायरी मधे चार जिने गाळून थेट येत नाही. (आधार, पॅन आणि कॅन्सल चेकचे फोटो गॅलरीत असतात हे मात्र खरं. माझ्याही आहेत.)

याउलट त्याच कुटुंबाच्या ग्रुपवर, ज्यूस जॅकिंगच्या फॉरवर्डनंतर पंधरा दिवसांनी, एका ओळखीच्या नंबरवरून 'लग्नपत्रिका' आली. पत्रिका म्हणजे एपीके फाइल. माझ्या एका चुलतभावाने ती इन्स्टॉल करायलाही घेतली, गूगलचा लाल इशारा आला म्हणून थांबला. आरटीओच्या दंडाच्या नावाने येणाऱ्या फायली याच जातीच्या. त्या एसएमएस वाचतात, ओटीपी पळवतात आणि त्यासाठी चोराला घरातून उठावंही लागत नाही. महाराष्ट्रात पैसे जातायत ते या वाटेने. पण या फाइलबद्दल ग्रुपवर कुणी चकार शब्द काढला नाही. यूएसबी पोर्टची भीती मात्र सगळ्यांना पाठ. माझी तक्रार आहे ती ही. इशारा चुकीचा नाही, त्याचा क्रम चुकीचा आहे.

एका गटासाठी मात्र मी हे बोलणार नाही. पत्रकार, कार्यकर्ते, वकील, ज्यांच्या मागे कुणी मुद्दाम लागू शकतं असे लोक. अॅम्नेस्टीने डिसेंबर २०२४ आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये सर्बियातली प्रकरणं बाहेर काढली, तिथे पोलिसांनी ताब्यात घेतलेल्या फोनचं लॉक सेलेब्राइटच्या यंत्राने यूएसबीमार्गे तोडलं होतं, अँड्रॉइडच्या यूएसबी ड्रायव्हरमधल्या त्रुटी वापरून. ते सार्वजनिक पोर्ट नव्हतं, पण पोर्ट हा फोनचा खराखुरा दरवाजा आहे एवढं त्यातून सिद्ध होतं. तुम्ही या गटात असाल तर अनोळखी पोर्टला हात लावू नका, विषय संपला. अँड्रॉइड १६ मधलं अॅडव्हान्स्ड प्रोटेक्शन चालू करा, त्यात फोन लॉक असताना नव्या यूएसबी जोडणीला फक्त वीज मिळते.

बरं, मग फोन इतका हळू का भरतो?

हे मला जास्त वेळा विचारलं जातं. माझ्याकडे केबलच्या मधे लावायचा एक छोटा यूएसबी मीटर आहे. गेल्या वर्षभरात जिथे पोर्ट दिसेल तिथे तो लावून बघायचा मला नाद लागला. (बायको लांब जाऊन बसते.) एका बसमध्ये तो ४.७ व्होल्ट आणि ०.४५ अँपिअर दाखवत होता. गुणाकार करा, जेमतेम २ वॉट. घरचा साधा चार्जर १५ ते २५ वॉट देतो.

याचं कारण हॅकर नव्हे, जुनं मानक. जुन्या यूएसबी २ पोर्टने ५ व्होल्टला अर्धा अँपिअर, म्हणजे अडीच वॉट द्यावेत असं ठरलेलं आहे. हल्लीच्या फोनची ५००० एमएएचची बॅटरी म्हणजे साधारण १९ वॉट-तास. अडीच वॉटने ती भरायला आठ-नऊ तास लागतील, तेही फोनला हात न लावता. तुम्ही मॅप लावून, स्क्रीन पूर्ण उजेडावर ठेवून बसलात तर फोन तितकेच वॉट खातो आणि टक्का जागचा हलत नाही.

जास्त वीज घ्यायची तर फोनला चार्जरशी बोलणी करावी लागतात. आणि जुन्या चौकोनी टाइप-ए पोर्टवर ही बोलणी होतात डेटाच्याच तारांवर. चार्जरने त्या दोन तारा आतून एकमेकींना जोडल्या असतील तर फोन ओळखतो की हा फक्त चार्जर आहे, आणि दीड अँपिअरपर्यंत ओढतो, म्हणजे साडेसात वॉट. क्विक चार्जही याच तारांवर बोलतं. टाइप-सीवरच्या पॉवर डिलिव्हरीची बोलणी मात्र वेगळ्या तारेवर होतात.

डेटा ब्लॉकर नावाची जी छोटी पिन मिळते, जिला यूएसबी कंडोम असंही म्हणतात, तिचं गणित इथे आहे. ती डेटाच्या तारा तोडते. स्वस्तातली पिन नुसत्या तारा तोडते, मग फोनला काहीच कळत नाही आणि तो अर्ध्या अँपिअरवर बसून राहतो. बरी पिन फोनच्या बाजूने त्या दोन तारा एकमेकींना जोडते, त्यामुळे निदान साडेसात वॉट मिळतात. लोक पिन घेतात, चार्जिंग मंदावतं, वैतागून पिन फेकतात. घ्यायचीच तर दुसऱ्या प्रकारची घ्या.

विमानतळावरच्या नव्या टाइप-सी पोर्टांवर पॉवर डिलिव्हरी असते आणि तिथे फोन खरंच पटापट भरतो. पण तुमच्या खोक्यावर '८० वॉट' छापलं असेल तर तेवढ्याची अपेक्षा नको. तो आकडा त्या कंपनीच्या स्वतःच्या चार्जरचा आणि स्वतःच्या केबलचा असतो, परक्या पोर्टवर असे फोन बहुधा बरेच खाली येतात.

म्हणून सुरक्षित आणि जलद या दोन्ही प्रश्नांचं उत्तर योगायोगाने एकच आहे: पोर्ट सोडा, सॉकेट शोधा. स्वतःचा चार्जर तीन पिनांच्या किंवा दोन पिनांच्या सॉकेटला लावला की त्या सॉकेटमागून डेटा येत नाही, येते ती फक्त वीज. रेल्वेच्या डब्यातलं सॉकेट ११० व्होल्टचं असतं, २३० चं नाही. चार्जरवर बारीक अक्षरात '१०० ते २४० व्होल्ट' लिहिलेलं असेल तर तो तिथे व्यवस्थित चालतो. रस्त्यावरच्या काही स्वस्त चार्जरवर फक्त २२० च्या आसपासचा आकडा असतो, ते गाडीत रडतात. आणि रात्री अकरा ते पहाटे पाच सॉकेट मेलेलं दिसलं तर चार्जरला शिव्या देऊ नका. मार्च २०२१ मध्ये शताब्दीच्या एका डब्याला आग लागल्यानंतर पश्चिम रेल्वेने रात्री ते बंद ठेवायला सुरुवात केली. झोपण्यापूर्वी भरून घ्या.

गाडीत चार्जिंगला लावलेल्या फोनचा सगळ्यात मोठा धोकाही जुनाच आहे. दाराजवळच्या सॉकेटला फोन लोंबकळत ठेवून लोक झोपतात आणि पुढच्या स्टेशनला फोन उतरून जातो. त्याला कुठलाही चॉइसजॅकिंग लागत नाही.

पॉवर बँक हा दुसरा उपाय, आणि तोच सगळे सुचवतात. पण त्यातही २०२५ ने खोडा घातला. जानेवारीत दक्षिण कोरियात एअर बुसानच्या विमानाला जमिनीवरच आग लागली, संशय पॉवर बँकेवर गेला, आणि मग एकेका विमान कंपनीने नियम कडक केले. १ ऑक्टोबर २०२५ पासून एमिरेट्सच्या विमानात १०० वॉट-तासांपर्यंतची एक पॉवर बँक नेता येते, पण प्रवासात ती वापरता येत नाही. मुंबईहून दुबईला जाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा. १०० वॉट-तास म्हणजे साधारण २७,००० एमएएच, तेव्हा नेहमीची १०,००० किंवा २०,००० ची पॉवर बँक त्यात बसते. एसटीला असला काही नियम नाही.

तर आत्याच्या फोनचं मी काय केलं? अपडेट होते तेवढे घातले. सेटिंगमध्ये यूएसबी 'फक्त चार्जिंग'वर आहे ना ते बघितलं, डेव्हलपर ऑप्शन्स बंद आहेत ना ते बघितलं. हे तपासताना मला घाम फुटला तो वेगळ्याच कारणाने. माझ्या स्वतःच्या फोनवर यूएसबी डीबगिंग गेले आठ महिने चालू होतं, ऑफिसच्या एका कामासाठी केलं आणि विसरलो. अनोळखी पोर्टला आत्यापेक्षा माझा फोन जास्त उघडा होता. ते बंद केलं. आधार आणि पासबुकाचे फोटो तिच्या गॅलरीतून काढून लॉक केलेल्या फोल्डरमध्ये टाकले. साडेतीनशे रुपयांची एक नीट डेटा ब्लॉकर पिन तिच्या चार्जरच्या पिशवीत ठेवली. आणि सांगितलं: सॉकेट असेल तर सॉकेट. नसेल तर पिन लावून पोर्ट, फोन लॉक करून, पर्समध्ये. स्क्रीनवर काही विचारलं तर 'नाही'. पिन हरवली आणि बॅटरी १० टक्क्यांवर असेल तर पिन नसतानाही लाव, पण बंद पडू देऊ नकोस. माझा नंबर एका चिठ्ठीवर लिहून पाकिटात ठेवला, ते तिला सगळ्यात जास्त पटलं.

परतीच्या प्रवासाला ती दुपारच्या गाडीने गेली. संध्याकाळी मेसेज आला: "पिन लावली होती. ४० वरून ५८ झाले फक्त. पिन खराब आहे का?"

मी विचारलं, वाटेत फोनवर काय करत होतीस. दोन मालिकांचे मिळून पाच भाग बघून झाले होते.